जागतिक वामकुक्षी

मी दुपारी झोपत नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही रामायण घडलं ते या एका वाक्यामुळे घडलं. हे वाक्य मी सासुरवाडीला जेवताना म्हणतो, शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना म्हणतो, केस कापता कापता न्हाव्यालाही ऐकवतो. तैवानात राहून हे म्हणायचं म्हणजे केवढी छाती लागते! इथे जेवण झालं की अख्खा देश मान टाकतो. कचेऱ्यांतले दिवे मालवतात, दुकानदार गल्ल्यावर डोकं ठेवतो, आणि शाळेत तर वामकुक्षी वेळापत्रकातच छापलेली असते. अशा देशात "मी नाही बुवा झोपत!" म्हणणारा माणूस उठून दिसतो, आणि मला उठून दिसायला आवडतं.

वस्तुस्थिती एवढीच, की त्या वेळात मी डोळे मिटून पुढच्या तासाचा विचार करतो. विचार फार खोल गेला तर थोडंसं घोरणं होतं.

आमची शाळा शेंगदाण्याच्या शेतांमधली, समुद्राचा खारा वारा खाणारी. मुलं इतकी कमी उरलीत की धावण्याच्या शर्यतीत सगळ्यांनाच बक्षीस मिळतं. मागच्या वर्षी जिल्ह्याने ठरवलं, की छोट्या शाळा तालुक्याच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या. फक्त ज्या शाळा "रोजच्या वर्गात जग" या नव्या योजनेत निवडल्या जातील, त्यांना हात लावायचा नाही. निवड जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी कुंग साहेब यांच्या हातात. म्हणजे योजनेत आलो तर शाळा राहणार, नाही तर आमची पोरं रोज सकाळी अंधारात बसमध्ये चढणार.

आमच्या मुख्याध्यापिका च्यू बाई याच शाळेत शिकल्या. माझे सासरे, गावचे सरपंच, तेही इथलेच. शाळेच्या भिंतीवर एक तांबूस मासा आहे, तो त्यांनी स्वतः रंगवलाय. तो मासा आहे हे ते सांगतात म्हणून कळतं, पण गावात कुणी त्यावर हसत नाही.

तर जिल्ह्याच्या बैठकीत कुंग साहेबांनी सगळ्या शाळांना एकच प्रश्न विचारला. "जग-जग सगळेच करता. एक दिवस झेंडे लावता, पिझ्झा खाता आणि फोटो काढता. मला रोजचं हवंय! वेळापत्रकात जागा कुठे आहे, ते सांगा."

वेळापत्रकात जागा कुठून असणार? मोठमोठ्या शाळांचे शिक्षक छताकडे पाहायला लागले. च्यू बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला उठून दिसायची सवय. मी उभा राहिलो.

"साहेब, वामकुक्षीची वेळ! आमच्या वर्गात दुपारी कुणी झोपत नाही. आम्ही तेव्हा जग पाहतो!"

सभागृहात जांभया देणाऱ्यांनी जांभया अर्ध्यावर सोडल्या. कुंग साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मुलं झोपत नाहीत?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

"मी तर कधीच नाही साहेब!"

बाहेर आल्यावर च्यू बाई म्हणाल्या, "चान सर, हे कधीपासून?"

"सोमवारपासून," मी म्हणालो.

सोमवारी मी खरंच सुरुवात केली. पडदे उघडे ठेवले, नकाशा लावला, काठी घेतली. भात खाल्लेली पोरं! काठी आफ्रिकेपर्यंत पोचायच्या आत वर्ग झोपला होता, आणि युरोपपर्यंत पोचायच्या आत काठी माझ्या हातातून पडली होती. मंगळवारपासून आम्ही पूर्ववत झोपायला, म्हणजे विचार करायला लागलो.

आणि तेवढ्यात निरोप आला, की कुंग साहेब प्रत्यक्ष पाहायला येणार!

आता मागे फिरायची सोय नव्हती. पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या शेतांमधल्या एका गावात ब्रॉनविन मॅडम म्हणून एक शिक्षिका आहेत. इंटरनेटवर त्यांची माझी ओळख झाली होती. त्यांचा वर्ग आमच्यासारखाच छोटा, आणि घड्याळही आमच्याच वेळेवर चालणारं. ठरलं! कुंग साहेबांसमोर दोन्ही वर्ग पडद्यावर एकमेकांशी बोलणार. आमची मुलं शेंगदाण्यांबद्दल सांगणार, त्यांची मुलं गव्हाबद्दल. त्यांच्या शाळेच्या सुरक्षेच्या नियमांप्रमाणे मॅडमनी माझे फोन नंबर मागितले. मी माझा दिला, शाळेचा दिला, आणि अडीअडचणीला म्हणून सासऱ्यांचा दिला. त्या तिसऱ्या नंबराने पुढे माझी जी शोभा केली, ती सांगतोच.

त्या दिवशी सकाळपासून मी चक्रीसारखा फिरत होतो. पडदा, कॅमेरा, वायरी सगळं जेवणाआधीच जोडून ठेवलं. कॅमेरा वर्गाकडे तोंड करून सुरू, ऑस्ट्रेलियाशी जोडणीही उघडी. "आता याला कुणी हात लावायचा नाही!" मी बजावलं. ऐन वेळी वायर सापडत नाही, ही माझी जन्माची भीती. ऑस्ट्रेलिया दीडला येणार होता, साहेबही दीडलाच.

जेवणात डुकराच्या मांसाचा रस्सा आणि भात होता, वर मुगाचं गोड सूप. मुलांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. जेवण संपलं तेव्हा वर्गातला एकही डोळा पूर्ण उघडा नव्हता. मी विचार केला, ही असली मेंगळट पोरं साहेबांना दाखवायची? त्यापेक्षा थोडा वेळ डोकी टेकवू दे, म्हणजे दीडला टवटवीत दिसतील.

"सर, आज झोपायचं नाही म्हणाला होतात ना?" वर्गप्रमुख ली-च्यीने विचारलं.

"झोपायचं नाहीच आहे. फक्त डोकी बाकावर ठेवायची."

"मग नियम तेच?"

"तेच."

ली-च्यीने खडू उचलला. तुम्ही आमच्या शाळेत शिकला नसाल तर तुम्हाला या खडूची दहशत कळायची नाही. वामकुक्षीत जो मान वर करेल, कुजबुजेल, नुसता चुळबुळला तरी, त्याचं नाव फळ्यावर! आणि ज्याचं नाव फळ्यावर, तो संध्याकाळी मुतारी धुणार. ली-च्यीने आजवर स्वतःच्या सख्ख्या भावालाही सोडलेलं नाही. नावं लिहून झाली की तीही पहिल्या बाकावर डोकं टेकते, पण एक कान उघडा ठेवून.

मी पडदे ओढले, दिवे घालवले, फोन खणात टाकला आणि पुढच्या तासाचा विचार करायला खुर्चीत मागे रेललो.

यापुढचं मला नंतर चार तोंडांतून कळलं. कारण त्या वेळी माझा विचार फारच खोल गेला होता.

ब्रॉनविन मॅडमची मुलं उत्साही. डबे खाऊन झाले तसा त्यांनी लकडा लावला, "मॅडम, आत्ताच बघूया ना! ते लोक तयारी करत असतील!" मॅडमनी पडदा सुरू केला. समोर काय? अंधारलेली खोली. बाकांवर मुलं पालथी पडलेली, हात लोंबकळतायत. आणि मध्यभागी खुर्चीत एक शिक्षक, मान मागे, तोंड वासलेलं.

त्यांच्याकडे शाळेत झोपणं ही गोष्टच नाही. तिथे वर्गात एक जरी मूल झोपलं तरी नर्सला बोलावतात. इथे वर्गच्या वर्ग आडवा!

"हॅलो?" मॅडम म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

"हॅलो तैवान!" सगळी मुलं ओरडली. "उठा! उठा! ऐकू येतंय का?"

आणि इथे आमच्या वर्गात काय चाललं होतं? खोल विचारात एकटा मीच होतो, मुलं जागी झाली होती. सगळीच्या सगळी! पडद्यातून कुणीतरी बोंबलतंय, हे त्यांना चांगलं ऐकू येत होतं. पण मान वर करणार कोण? यो-आन नावाच्या पोराने मला नंतर सांगितलं, "सर, मला वाटलं ली-च्यी परीक्षा घेतेय. मी तर श्वासही रोखून धरला." आणि ली-च्यी? तिला कळेना की ऑस्ट्रेलियाची नावं फळ्यावर लिहायची का नाही. वर्गप्रमुख स्वतःच उठली तर नियम कोण पाळणार, म्हणून तीही डोळे घट्ट मिटून पडली.

तिकडे जितकं जोरात ओरडावं, तितका इकडे वर्ग जास्तच थंड पडत होता. पडद्यावर हेमिश नावाचा मुलगा रडायला लागला. "मॅडम, ते श्वाससुद्धा घेत नाहीयेत!"

मॅडमनी फोन उचलला. माझा फोन खणात. शाळेचा फोन लागेना, कारण वामकुक्षीत रिसीव्हर काढून ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. च्यू बाई त्याच फोनशेजारी घडीच्या खाटेवर डोळ्यांवर रुमाल टाकून पडल्या होत्या. राहिला तिसरा नंबर.

माझे सासरे तेव्हा देवळासमोर चहा पीत बसले होते. फोनवर मॅडमचं इंग्रजी कळेना, तेव्हा मॅडमनी फोनला भाषांतर करायला लावलं. सासऱ्यांच्या कानात एक यंत्रातली बाई बोलली, "नमस्कार. आपल्या शाळेतील सर्व मुले निश्चल पडली आहेत. शिक्षकही पडले आहेत. कृपया त्वरा करा."

आता तैवानात पैसे उकळणाऱ्या ठगांचे असे फोन कुणाला येत नाहीत? सासरे शांतपणे म्हणाले, "बाई, गेल्या महिन्यात तुम्ही माझ्या मुलाला पळवलं होतंत. मला मुलगाच नाही!" आणि फोन ठेवला.

परत फोन. "कृपया त्वरा करा."

"खात्याचा नंबर सांगणार नाही! काय करायचं ते करा!"

तिसऱ्यांदा फोन नाही, फोटो आला. सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वर्ग ओळखीचा. मुलं पालथी, त्यात काही विशेष नाही, दुपारची वेळ. पण मध्ये खुर्चीत?

सासऱ्यांच्या हातातला पेला खाली पडला.

"जावईबापू!"

बघा, माणसाची पत असते ती अशी! दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाचा तसा फोटो पाहून ते म्हणाले असते, झोपलाय बिचारा. पण चान? चान दुपारी झोपत नाही! इतकी वर्षं दर रविवारी जेवताना त्यांनी ऐकलं होतं. ज्या अर्थी चान पडलाय, त्या अर्थी वर्गात काहीतरी भयंकर झालंय!

आमच्या गावात सरपंचाकडे भोंगा असतो. खांबाखांबावर कर्णे लावलेले, लसणाचा भाव पडला तरी त्यावरून कळतं. सासरे देवळाशेजारच्या कचेरीत धावले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"गावकरी हो! शाळेत सगळी मुलं बेशुद्ध पडलीत! माझा जावईसुद्धा पडलाय! मुगाचं सूप कुणी पिऊ नका! शाळेत धावा!"

गाव वामकुक्षीतून जे उठलं! आया पायांत जे मिळेल ते सरकवून स्कूटरवर बसल्या. प्रत्येकीच्या हातात ती हिरव्या तेलाची बाटली. डोकं दुखो, डास चावो, पोट बिघडो, आमच्याकडे पुदिन्याच्या वासाचं ते हिरवं तेल आधी चोळतात आणि मग विचार करतात. माझी बायको शू-फन सगळ्यांत पुढे होती. तिने दोन बाटल्या आणल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्यासाठी ती इतक्या वेगाने कधी आली नव्हती!

फाटकाशी सासरे थबकले. झाडाखाली एक पांढरी गाडी उभी होती. आत एक गृहस्थ, सीट मागे टाकलेली, टाय सैल, तोंड वासलेलं.

"इथे अजून एक पडलाय!" सासरे ओरडले. "हवेतच काहीतरी आहे! बाहेर काढा त्याला!"

चौघांनी त्या गृहस्थांना खेचून काढलं आणि गवतावर आडवं केलं. एकीने नाकाखाली हिरवं तेल लावलं, दुसरीने कानशिलांना. घाईत तिसरीचा हात डोळ्यांत गेला. गृहस्थ किंचाळत उठून बसले.

"वाचला!" सासरे आनंदाने म्हणाले आणि शाळेत धावले.

मला जाग आली ती शू-फनच्या किंकाळीने. डोळे उघडले तर नाकात पुदिना, छातीवर बायको, आणि पाठीमागे सगळं गाव!

"अहो! डोळे उघडा! मी कोण आहे, सांगा!"

"शू-फन... घंटा झाली का?"

तिने माझ्या तोंडाला लागलेली लाळ पाहिली. बायकोला काय कळायचं ते कळलं. "झोपला होतात!" तिने उरलेलं तेल माझ्या कपाळावर असं काही चोळलं, की अजून चुरचुरतंय.

इतक्यात ली-च्यी उठून उभी राहिली. "सर, आता मान वर केली तर चालेल?"

सगळ्या माना एकदम वर आल्या. आणि पडद्यातून जो जल्लोष उठला! ऑस्ट्रेलियाची मुलं बाकांवर चढून नाचत होती. हेमिश हसत होता आणि रडतही होता. ब्रॉनविन मॅडम डोळे पुसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मिस्टर चान, काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला तोंडच नव्हतं. मी इंग्रजीत सांगितलं, "आम्ही झोपलो होतो."

हेमिशने विचारलं, "शिक्षा म्हणून?"

"नाही," यो-आन म्हणाला, आणि मी भाषांतर करत गेलो. "आम्ही रोज झोपतो. प्रत्येकाची उशी असते."

"रोज? शाळेत? झोपू देतात?" हेमिशने मॅडमकडे असं पाहिलं, की मला त्यांचीच दया आली. "मॅडम! आपल्याला का नाही?"

"मग तुम्ही जेवल्यावर काय करता?" ली-च्यीने विचारलं.

"गणित."

आमचा वर्ग हळहळला. "जेवल्यावर गणित? बिचारे!" मागे उभ्या असलेल्या आयांनीही चुकचुक केली. एकीने तर पडद्याकडे हिरवी बाटली पुढे केली, लावा बाळांनो म्हणून. मग प्रश्नांची जी झोड उठली! तुम्ही घरी किती वाजता झोपता? तिथे दुपारी ऊन किती? गाढ झोप लागली तर लाळ गळते का? शेंगदाणे आणि गहू राहिले बाजूला! ज्या पोरांना मी आठवडाभर एकेक वाक्य घोकून घेतलं होतं, ती माझा शर्ट ओढून म्हणत होती, "सर, आता मी विचारतो! मला विचारू द्या!"

आणि ऐन रंगात दारात ते गृहस्थ उभे राहिले. डोळे लालबुंद, गालांवर धारा, टाय कानावर. गलक्याने उठून वर्गात आलेल्या च्यू बाईंनी त्यांना ओळखलं.

"कुंग साहेब!"

संपलं! शाळा गेली, मासा गेला, पोरं बसमध्ये चढली! च्यू बाईंच्या डोळ्यांत खरं पाणी होतं, तेलाचं नव्हे. मला स्वतःचा इतका राग आला, की वाटलं आपणच आपलं नाव फळ्यावर लिहावं.

कुंग साहेब रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "चान सर. बैठकीत तुम्ही म्हणाला होतात, आमच्या वर्गात दुपारी कुणी झोपत नाही. ते पाहायला मी मुद्दाम लवकर आलो होतो."

मुलं एकेक करून आपापल्या बाकावर सरकली.

"साहेब," मागून सासरे म्हणाले, "लवकर आला होतात, मग गाडीत काय करत होतात?"

साहेबांनी टाय सरळ केला. "मी... अहवालाचा विचार करत होतो."

"अस्सं! आमचा जावईही विचारच करत होता. तोंडसुद्धा अगदी तुमच्यासारखंच उघडं होतं!"

आधी शू-फन हसली. मग आया, मग पोरं, आणि काही न कळता ऑस्ट्रेलियाही. साहेबांनी चेहरा कडक ठेवून पाहिला. शेवटी त्यांनाही हसू फुटलं. पोटभर हसून झाल्यावर ते मुलांच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "थांबलात कशाला? तो मुलगा काहीतरी विचारत होता. चालू द्या!"

त्या दिवशी वर्ग संध्याकाळपर्यंत सुटला नाही. जाताना साहेब च्यू बाईंना म्हणाले, "इतके दिवस शाळाशाळांतून जग पाहतोय बाई, सगळीकडे झेंडे आणि पिझ्झा. एकमेकांच्या रोजच्या दिवसाचं इतकं आश्चर्य वाटलेली मुलं आज पहिल्यांदा पाहिली." च्यू बाई बाहेर गेल्या आणि भिंतीवरच्या माशाशेजारी बराच वेळ उभ्या राहिल्या.

शाळा राहिली! सासऱ्यांनी भोंग्यावरून तीनदा सांगितलं, आणि मुगाचं सूप पुन्हा प्यायला हरकत नाही, हेही सांगितलं.

फक्त साहेबांनी एक अट घातली. बैठकीत वचन दिलं होतं ना, वामकुक्षीच्या वेळात जग? मग तसंच व्हायला हवं! तेव्हापासून दर गुरुवारी आमचा वर्ग आणि ब्रॉनविन मॅडमचा वर्ग, दोन्ही एकाच वेळी कॅमेऱ्यासमोर डोकी टेकवतात. त्यांनी उशा आणल्यात. हेमिश तर डोकं टेकवायच्या आत झोपतो. दोन्ही देशांसाठी फळ्यावर खडू एकट्या ली-च्यीचा चालतो, आणि तिकडची मुलंही आता तिला टरकून असतात. साहेब कधीकधी कचेरीतून जोडले जातात, अहवालाचा विचार करायला. सासरे देवळासमोर बसून फोनवर सगळं बघत असतात.

आणि मी? समोर कॅमेरा, पलीकडे ऑस्ट्रेलिया, जिल्हा आणि सासरे! तोंड मिटलेलं आहे ना, लाळ नाही ना, घोरणं नाही ना, याच काळजीत माझा डोळ्याला डोळा लागत नाही. इतकी वर्षं जे सांगत आलो, ते अखेर खरं झालंय. मी दुपारी झोपत नाही!

गेल्या गुरुवारी न राहवून, सगळे काय करतायत ते पाहायला मी जराशी मान वर केली. घंटा झाल्यावर फळ्यावर दोन्ही देश मिळून एकच नाव होतं.

माझं. मुतारी धुऊनच घरी गेलो.